घरच्या शिट्ट्या

पुण्यात खराडीच्या कंपनीनं मला बेल्जियमला धाडायचं ठरवलं, तेव्हा बाबांनी दारातच निरोपाचं भाषण केलं. "जातोयस ते बरंच आहे. निदान सकाळी बाथरूम मोकळं मिळेल." आई डोळे पुसता पुसता हसली, बॅगा चढवणारा रिक्षावालाही हसला. मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्याच परदेशी उडालेल्यांनो, इतका झकास निरोप मला पुन्हा मिळाला नाही!

तिथं एका लहान गावच्या फुटबॉल क्लबच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं. क्लबचा कारभार पाहायचा पीटर, एकेकाळचा नामांकित स्ट्रायकर. मिसरूड फुटायच्या वयात याच मैदानावर गोल ठोकून मोठ्या क्लबांत गेला, देशोदेशी खेळला, गुडघा गेल्यावर बूट उतरवून कोट चढवला आणि गावी परतला. परतल्यावर पहिलं काम काय केलं, तर गावाच्या लाडक्या, पण थकलेल्या गोलकीपरला घरी बसवलं.

पुढच्या सामन्याला अख्खं स्टँड पीटरच्या नावानं शिट्ट्या मारत होतं. कौतुकाच्या नव्हेत, हाकलायच्या! शेजारी बसून मी घामाघूम. हा पठ्ठ्या कॉफी पीत मजेत.

"परदेशात मी वाईट खेळलो की लोक सभ्यपणे गप्प बसायचे," तो म्हणाला. "तेव्हा कळायचं, आपण पाहुणे. शिट्ट्या घरचेच मारतात."

पुढच्या सुट्टीत पुण्याला आलो आणि हे वाक्य छातीत रुतलं. बाबा चक्क गोड बोलत होते! पंखा वाढवू का? बाटलीतलं पाणी आणू का? जेवून ताट उचलायला गेलो की, "राहू दे, तू बस." खडकवासल्याच्या धरणावर गेलो, तर पहिलं कणीस माझ्या हातात. आठवडाभर एक टोमणा नाही. मला धडकी भरली. या घरात मी पाहुणा झालो की काय?

शेवटी मुद्दाम खोडी काढली. निवृत्तीनंतर आमटी बाबा स्वतः करतात आणि तिचा त्यांना भयंकर अभिमान. म्हटलं, "बाबा, आमटी जमली नाही आज."

आईचा घास हातातच राहिला. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"खाणाऱ्याला चव कळावी लागते. आणि ते ताट उचलायला बेल्जियमहून माणूस येणारे का?"

अहाहा! मी ताट उचललं, आईचंही उचललं. लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं? जिथं माझ्याशी जपून बोलायची कुणाला गरज वाटत नाही, ते.

मोरीपाशी पोचलो, तोच मागून आवाज आला, "नुसती ठेवू नकोस. घास."