गाऱ्हाण्यातला खोकला

माझ्या काकांचा खोकला चार महिने टिकला, कारण मी चार महिने गप्प बसले.

काका पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी राहतात. शिमग्यात गावदेवाची पालखी आली की गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते देवापुढे गावाचं एकेक मागणं मांडतात आणि प्रत्येक मागण्यावर अख्खा गाव ओरडतो, "होय महाराजा!"

दिवाळीच्या आधी काकांचं हृदय कमजोर झाल्याचं निघालं. महाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. धाप कमी झाली, पायांची सूज उतरली आणि खोकला लागला. कोरडा, चिवट, दर दोन शब्दांनी हजर!

"यंदा गाऱ्हाणं मी घालतो," काकांचे चुलतभाऊ तुकारामकाका म्हणाले. "तू खोकलास की लोकं मधेच होय महाराजा करतील. देवाने काय समजायचं?"

"बापाकडनं आलेला मान हाय," काका म्हणाले, "तो मी असा... खॉक्... सोडणार नाय!"

आता माझी बाजू. मी मुंबईत औषधशास्त्र शिकते. माझ्या प्रबंधाचा विषय आहे, हृदय कमजोर झालेल्यांच्या रक्तवाहिन्यांवर किनिन रिसेप्टरांचा, म्हणजे किनिन हे शरीरातलं रसायन जिथे जाऊन चिकटतं त्या जागांचा, परिणाम. (हो, नेमका हाच!) काकांच्या गोळीचं नाव वाचताच दिवाळीतच मला खोकल्याचं कारण कळलं होतं.

"काय गो, तू औषधांचंच शिकतेस ना?" काकीने विचारलंही. "खोकल्यावर काय देऊ यांना?"

मी तोंड उघडलं. 'रिसेप्टर'ला मराठीत काय म्हणायचं, ते आठवेना. (इंग्रजी माध्यम!) तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "अडुळसा दे," आणि मी तोंड मिटलं. पुढच्या भेटीत ज्येष्ठमध चालू होतं, त्याच्या पुढच्या भेटीत आलं-मध. मी प्रत्येक वेळी काकीला पाठवायला मोबाईलवर दोन परिच्छेद लिहायचे आणि पुसून टाकायचे. उगाच चुकलं तर?

शिमगा पंधरा दिवसांवर आला, मी गावी गेले होते, तेव्हा काकीने ठरवलं, महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या कुंडात घसा शेकायचा. तुकारामकाकांनी स्वतः रिक्षा काढली, मीही सोबत बसले. (स्पर्धा गाऱ्हाण्यापुरती!) काका कुंडात गळ्यापर्यंत बसले. अर्ध्या तासात टोमॅटोसारखे लाल झाले.

"झ्याक वाटतंय!" म्हणत ते ताडकन उठले, "आता बघा माझं..." आणि सरळ तुकारामकाकांच्या अंगावर कोसळले.

"अवो, काय झालं यांना!" काकीने हंबरडा फोडला.

"आडवं करा! पाय वर धरा!" कोणीतरी जोरात ओरडलं. ती मी होते.

काकांनी डोळे उघडले, तरी माझं तोंड मिटेना. "त्या गोळीने शरीरात किनिन साठतं. रक्तवाहिन्यांना जणू कड्या असतात, किनिन त्या काढतं आणि वाहिन्या रुंद होतात. म्हणून हृदयावरचं ओझं कमी होतं. पण तेच किनिन घशात खवखव आणतं, म्हणून खोकला! त्यात वरून गरम पाणी. वाहिन्या आणखी रुंद झाल्या, दाब उतरला, चक्कर आली!"

तुकारामकाका काकांचे पाय धरून तसेच उभे होते.

"ही बोलते?" ते म्हणाले.

"फेकून देतो ती गोळी!" काका आडवे असतानाच गरजले.

"नाही! गोळी हृदयाला हवी आहे. मनाने बंद करायची नाही. आत्ता डॉक्टरांकडे!"

महाडला डॉक्टरांनी काकांना तपासलं, ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. या गोळीने काहींना खोकला होतो. बदलून देतो. कधी लक्षात आलं तुमच्या?"

मी चपलांकडे बघितलं. "दिवाळीत."

"दिवाळीत?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "आणि मी चार महिने तो कडूजहर अडुळसा पितोय?"

शिमग्यापर्यंत खोकला जवळजवळ गेला. पालखी अंगणात टेकली. काकांनी पाऊस मागितला, पिकं मागितली, मुंबईच्या चाकरमान्यांची खुशाली मागितली. एकदाही खोकले नाहीत. तुकारामकाका सगळ्यांपेक्षा मोठ्याने साथ देत होते.

मग काकांची नजर मागच्या रांगेत, खांबाआड उभ्या असलेल्या माझ्यावर आली.

"आणि देवा, आमच्या या शिकलेल्या पोरीला वेळेवर तोंड उघडायची बुद्धी दे रे!"

"होय महाराजा!" अख्खा गाव गरजला.

मीही म्हणाले. मनातल्या मनात.