बेडकांचा फवारा

माझ्या खोलीत दोन बेडूक आहेत आणि ते तिथंच राहणार. हे आधी लिहून टाकतो. ज्याला पटत नसेल त्यानं बनारसला येऊन रामघाटाच्या पायऱ्या चढाव्यात आणि माझ्या तोंडावर बोलावं. पायऱ्या चढून आलं की निम्म्या लोकांचा आवाज आपोआप खाली येतो.

मी शिकलेला नाही. पाठशाळेत दोन वर्षं बसलो, पण ऋचा काही तोंडात बसेनात. गुरुजींनी वडिलांना सांगितलं, "याच्या खांद्यात जोर आहे, त्याचं काहीतरी करा." मग मी पाणक्या झालो. पहाटे गंगेत घागरी भरायच्या आणि दुर्गाघाटापासून बालाजी घाटापर्यंत आपल्या मराठी लोकांच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरांत नेऊन ओतायच्या. घरोघर नळ आले तरी जुन्या सासवांना देवाच्या नैवेद्याला नळाचं पाणी चालत नसे. त्या एकेक करून गेल्या तसं माझं काम संपलं. पण चाळीस वर्षं पाणी खांद्यावर वागवलेला माणूस आहे मी. पाण्याबद्दल मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं.

बेडूक नातीचे. ती इथल्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होती तेव्हा आणले. परदेशी जात, हिरवीगार, तळहाताएवढी. पैदास इथलीच आणि सरकारदरबारी रीतसर नोंद केलेली. माझ्याकडे चौथीचा दाखला नाही, पण बेडकांकडे कागद आहेत. तिला पुण्याला नोकरी लागली, राहायला मिळालं ते होस्टेल, तिथं बेडूक चालेनात. "आजोबा, सहा महिने सांभाळाल?" म्हणाली. त्या सहा महिन्यांचं आता तिसरं वर्ष चालू आहे.

बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. हे मला नातीनं सांगितलं आणि मी ते ताबडतोब मानलं, कारण मीही आयुष्यभर ओल्या खांद्यानंच जगलो. बनारसची लू सुरू झाली की खिडकीतून भट्टीसारखा वारा येतो. त्या दिवसांत बेडकांच्या काचेच्या पेटीत दिवसातून चार वेळा बाटलीनं बारीक फवारा मारावा लागतो. मी मारायचो. पेटीशी वाकायचं, झाकण उघडायचं, अंगठ्यानं दाबत राहायचं. खाणं आठवड्यातून दोनदाच, त्याचा फारसा व्याप नाही.

यंदा वैशाखात डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू पिकला, आता थांबू नका. आणि पुढं बजावलं, ऑपरेशननंतर काही आठवडे वाकायचं नाही, डोळ्याजवळ पाणी उडू द्यायचं नाही.

मुलगा बँकेत आहे. त्यानं घरी येताच विषय काढला.

"बाबा, लखनौचा एक माणूस आहे. जाणकार आहे. बेडूक न्यायला तयार आहे."

"कुणाला विचारून तयार आहे?"

"मग फवारा कोण मारणार? मी सकाळी नऊला जातो. हिला त्यांची किळस येते."

सूनबाई दारात उभी होती. "मामंजी, मी खोटं बोलणार नाही. मला बघवत नाही ते."

"तुम्हाला कुणी हात लावायला सांगितलंय? माझं मी बघतो. यंत्र लावीन."

मुलगा हसला. त्या हसण्यावरच माझं सगळं ठरलं. शेवटी त्यानं अट घातली. ऑपरेशनच्या आधी सलग आठ दिवस कुणीही हात न लावता फवारा चालला पाहिजे. चालला तर बेडूक राहतील, नाहीतर लखनौ. मी म्हटलं, मंजूर.

पहिला प्रयोग मी माझ्या अकलेनं केला. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात, तळाला भोक पाडलेलं मडकं, त्यातून थेंब थेंब पडत राहतो. तसलं लहान मडकं पेटीवर टांगलं. संध्याकाळपर्यंत पेटीत तळं झालं आणि दोघेही बेडूक काचेच्या वरच्या कोपऱ्यात, पूर आल्यावर माणसं गच्चीवर चढतात तसे. नातीनं फोनवर बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"आजोबा, शंकराला चालतं ते. यांना थेंब नको, दव हवं."

मग मी लहुराबीरला माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडे गेलो. त्यानं पाण्यात एक चकती सोडली, बटण दाबलं आणि पांढरा धूर भसाभसा वर आला.

"देखिए बाबूजी, घर बैठे हिमालय!"

मी धुरात हात घातला आणि बाहेर काढून त्याच्या नाकापुढं धरला. "हाथ तो सूखा है."

"पर देखने में कितना सुंदर है!"

"मेंढक को देखना नहीं है, भीगना है."

मग त्यानं दुसरं यंत्र काढलं, बादलीएवढा डबा, पंप आणि टायमर सगळं त्याच्याच पोटात. मला आवडलं होतं. पण नातीनं फोनवरून विचारायला लावलं, वीज गेली की याची वेळ लक्षात राहते का? दुकानदार म्हणाला, परत लावावी लागते, आणि घरच्या इन्व्हर्टरला हा पंप झेपायचा नाही. आमच्या गल्लीत दिवसातून दोनदा तरी वीज जाते. म्हणजे रोज दोनदा माणसानं हात लावायचा आणि मुलाची अट मोडली. तेव्हा सुटं सामान घेतलं. लहान पंप, घरच्या इन्व्हर्टरवर चालणारा. टायमर वेगळा, आत स्वतःचा सेल असलेला. काळी नळी आणि तिच्या टोकांना फवारा उडवणारी दोन नोझल. नोझलचं भोक सुईच्या टोकाहून बारीक. पंप बंद झाला की त्यातून थेंब गळता कामा नये, हे मी दुकानात उभं राहून पाच वेळा करून बघितलं. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, शादी के लिए लड़की देख रहे हैं क्या?" म्हटलं, त्यापेक्षा बारकाईनं बघतोय.

बसवायला गल्लीतला वीजवाला आला. त्यानं दोन्ही नोझल जाळीच्या झाकणात मधोमध ठोकायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, बाबा, झोपलेल्याच्या अंगावर पाणी ओततोस का? एक कोपऱ्यात पानांवर, एक समोरच्या काचेवर. मधली जागा कोरडी राहू दे, ज्याला भिजायचंय तो जाईल तिकडे. पंपाखाली जुन्या घोंगडीची घडी ठेवली, म्हणजे तो गुरगुरणार नाही. मग मी विचारलं, "और पानी जाएगा कहाँ?"

"कहाँ जाएगा चचा, थोड़ा-सा तो है. पोंछा मार दीजिएगा."

हे शिकलेले लोक! पाणी आणायची सगळी हौस, जायचं कुठं याचा विचार कुणाला नाही. पेटीचा तळ फायबरचा होता. त्याच्या पुढच्या कोपऱ्यात भोक पाडून घेतलं, नळी जोडली, नळीखाली बादली ठेवली आणि पाणी पुढं उतरावं म्हणून पेटीच्या मागच्या बाजूखाली बोटभर जाडीची लाकडी पट्टी सरकवली. तळात गोटे, वर जाळी, त्यावर माती. वीजवाला डोकं खाजवत बघत राहिला.

आता पाणी. दुकानदारानं सांगितलं होतं, आरओचं पाणी वापरा. आमच्या स्वयंपाकघरात ते यंत्र आहे, सूनबाईनं लावलेलं. ते लागलं त्या दिवसापासून मी त्याचा एक घोट घेतलेला नाही. माझा तांब्या वेगळा. त्यामुळे पेटीसाठी गंगेखेरीज दुसऱ्या कुठल्या पाण्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही. ओळखीच्या नावाड्याकडून मधल्या धारेचं गंगाजल आणवलं. दोन दिवस निवळत ठेवलं, जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून पंपाच्या कॅनमध्ये भरलं. तुरटी फिरवणार होतो, पण नात फोनवर ओरडली की बेडकांची कातडी जळेल.

पहिला फवारा उडाला तेव्हा काय सांगू! काचेवर दव आलं, पानं चमकली, आणि मोठा बेडूक आपले हात छातीशी घेऊन महंतासारखा बसून राहिला. मी मुलाला हाक मारून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काचेकडचं नोझल थुंकायला लागलं. पानाची पिचकारी मारावी तसं एका बाजूला. मग बंद. संध्याकाळी दुसरंही बंद. मुलगा घरी आला तेव्हा मी हातात बाटली घेऊन फवारा मारत होतो.

"तीन दिवस झाले," तो म्हणाला. "आठ ठरले होते."

"यंत्र चाललं. पाणी अडलं."

"बाबा, ही वकिली झाली."

"मोजणी पहिल्यापासून. उद्या साफ करतो."

"पाच दिवसांवर ऑपरेशन आलंय!"

"मग ते पुढं ढकल. आठ दिवस पुरे होईपर्यंत मी दवाखान्याची पायरी चढणार नाही."

"डोळा जाईल तुमचा."

"एक गेला तर दुसरा आहे. बेडकांना दुसरं घर आहे का?"

"लखनौला आहे की!"

हे त्याचं बरोबर होतं, म्हणून मी आणखी मोठ्यानं बोललो. रात्रीचं जेवण त्यानं एका खोलीत केलं आणि मी एका खोलीत. सकाळी त्यानं दवाखान्यात फोन करून तारीख बदलून घेतली. 

नातीनं नोझल लिंबाच्या पाण्यात भिजवायला लावली. खाली वाटीत काय बसलं ते मला या डोळ्यांनी दिसेना. बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. लगेच ओळखलं. पिठाहून मऊ, तरी दाताखाली आली तर करकरेल अशी ती गाळाची पूड. घागर ओतताना मीच घरोघरच्या बायांना सांगायचो, तळाचं चार बोटं पाणी राहू द्या, ते वापरू नका. आणि फडक्यातूनही ती जाते, हे मला ठाऊक होतं. गंगेच्या पाण्यात खोट काढायची माझी जीभ नव्हती, म्हणून मी ते विसरलो. चूक माझी होती. इथं लिहिताना कबूल करतो. त्या दिवशी केली नव्हती.

रिकामा कॅन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सूनबाई पोळ्या लाटत होती.

"काय हवंय मामंजी?"

"पाणी."

"तुमचा तांब्या भरलेला आहे."

"त्या यंत्राचं."

लाटणं थांबलं. "दहा वर्षांत पाहुण्यांसमोरसुद्धा घेतलं नाहीत. मेलेलं पाणी म्हणायचात."

"मी अजूनही नाहीच पिणार. ते पितील."

"म्हणजे बेडकांसाठी माझं यंत्र चांगलं?"

"त्यांच्या कातडीला चांगलं. माझं काय ते मी बघतो."

ती हसली का, ते दिसलं नाही. कॅन हातातून घेतला आणि नळाखाली लावला. "भरायला वेळ लागेल. बसा. आणि सांगून ठेवते, मी तिकडे येऊन बघणार नाही."

"कुणी बोलावलंय?"

त्या पाण्यावर आठ दिवस झाले. नोझल एकदाही थुंकलं नाही. वीज रोज गेली, टायमर चुकला नाही. नवव्या दिवशी सकाळी मुलगा जिन्यात उभा राहून लखनौला फोन करताना ऐकलं, "नहीं भाई साहब, पिताजी दे नहीं रहे." देत नाहीत. बरोबर सांगितलं. मी त्याच दिवशी ऑपरेशनसाठी कपडे बांधले.

डोळ्यावर पट्टी बांधून घरी आणलं. खाटेवर उताणा पडून होतो. हलायचं नाही, वाकायचं नाही. दुपारी चारला पंपाचा बारीक आवाज आला, मग फस्स, मग शांत. दोन्ही नोझलमधून फवारा उडाला की एकाच, हे आवाजावरून कळेना. हाक मारायची नाही असं मी ठरवलं होतं.

दारातून सूनबाईचा आवाज आला. "मामंजी, झाला फवारा."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून."

"मोठा कुठाय?"

"काचेला चिकटलाय. पोट दिसतंय त्याचं. शी!"

"ओलं आहे की कोरडं?"

 पावलं आत आली, पेटीपाशी थांबली. 

"ओलं आहे," ती म्हणाली. "बादलीही भरत आलीय. ओतते मी."

"ओत," मी म्हटलं. "आणि जाताना खिडकी लावून घे. लू येतेय आत."