टोपीच्या आतलं नाव

जोगेश्वरीच्या त्या लोखंडी टोपीची घटना मी विसरलेलो नाही, कारण तिच्यातली पहिली चूक माझीच होती.

ऐंशी ओलांडलेले एक आजोबा मुलासोबत आमच्या पोलीस ठाण्यात आले. एकाहत्तरच्या युद्धात ते नागरी संरक्षणाचे वॉर्डन होते. ब्लॅकआउटमध्ये घरोघर जाऊन 'दिवे झाका' सांगायचे. तेव्हाची काळी टोपी, पुढे वॉर्डनचा पांढरा डब्ल्यू, माळ्यावरून गायब होती. तक्रार मुलाने लिहिली आणि संशयित म्हणून घरकाम करणाऱ्या बाईंचं नाव घातलं. मी त्यांना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. जबाबात त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, या बोभाट्याने दोन कामं गेली माझी. तिसरं पण जाईल."

आठवड्याने खबर आली. गोरेगावात सिनेमाला जुनं सामान भाड्याने देणाऱ्या एकाकडे अशा टोप्या आहेत. पंच, आजोबा, आजी आणि मुलगा यांना घेऊन मी गोदाम गाठलं. बारा टोप्या, सगळ्या नव्याने रंगवलेल्या, सगळ्यांवर डब्ल्यू.

आजोबा भडकले. "बाराच्या बारा वॉर्डन? जखमींना कोण उचलणार रे? उचलणाऱ्यांची खूण वेगळी असायची!"

मालक हसला. "दिग्दर्शकाला हेच पाहिजे होतं, काका. माल माझा जुनाच आहे."

रंगाखाली काय होतं ते आता कोण सांगणार? मी पंचनामा आटोपता घेणार होतो. तेवढ्यात आजी एकेक टोपी उलटी करून आतल्या कडेवरून बोट फिरवू लागल्या. सातव्या टोपीवर थांबल्या. "ही आमची. भांड्यांवर नावं घालणारा आला होता, तेव्हा पातेल्यांबरोबर ह्यांची टोपी पण दिली मी. सगळ्यांच्या सारख्याच दिसायच्या ना!"

रंग खरवडला. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं आजोबांचं पूर्ण नाव.

मालकाचा चेहरा उतरला. मी आवाज चढवायच्या आत तो बोलला, "चोरीचा माल नाही, साहेब. ह्यांनीच आणून विकली." बोट मुलाकडे होतं. मुलगा खाली बघत म्हणाला, "माळा साफ करायचा होता. बाबा इतकं मनावर घेतील असं वाटलं नाही. मग बाईंचं नाव पुढे केलं."

दुसऱ्या दिवशी मी बाईंची माफी मागायला त्या कामं करायच्या त्या इमारतीत गेलो, तर आजोबा आधीच तिथे हजर होते. डोक्यावर तीच टोपी. बाईंना बरोबर घेऊन ते इमारतीतलं प्रत्येक दार ठोठावत होते आणि खणखणीत आवाजात सांगत होते, "चोरी हिने नाही केली. माझ्या मुलाने टोपी विकली."

मीही माझी पोलिसाची टोपी सारखी केली आणि त्यांच्या मागून चालू लागलो. एवढी शरम मला नोकरीत कधी वाटली नव्हती. त्यानंतर संशयिताचं नाव कोणी दिलं की पहिला प्रश्न मी नाव देणाऱ्यालाच विचारला. बाईंची दोन्ही कामं त्याच आठवड्यात परत मिळाली.