विमलताईच्या नावाची बस

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, शेठच्या दुकानात जीन्सचे गठ्ठे बांधत होतो. "गेली" ऐकून आधी वाटलं, कुणाशी तरी भांडायला गेली असेल... बाई दुसरीकडे कुठे जातच नसे. अंबरनाथला, बुवापाड्यात, आमच्या भिंतीला तिची भिंत. आवाज असा, की ती इथे शिंकली तर शहाडच्या फलाटावरची माणसं दचकायची.

नात साक्षीला शिक्षण हक्काच्या जागेवर बदलापूर रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हा विमलताईने अख्ख्या अंबरनाथला पेढे वाटले. पण शाळेची बस पाड्याच्या तोंडावरून जायची आणि थांबायची पुढे, फ्लॅटवाल्यांच्या टॉवरच्या गेटवर. टॉवरच्या पालकांनी शाळेला सांगितलं होतं म्हणे, झोपडपट्टीची पोरं बसमध्ये नकोत, आमच्या मुलांची भाषा बिघडते. विमलताई साक्षीला घेऊन थेट मुख्याध्यापिकेपुढे. "मॅडम, हिच्या अंगाला वास येतो का? घ्या, हुंगून बघा!" दुसऱ्या सकाळी पदर खोचून ती बससमोर उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, ही थकेना. हेडलाइटसुद्धा खाली बघायला लागले होते, शपथ!

त्यात निवडणूक आली. नगरसेवकाने तोडगा काढला... पाड्यातल्या पोरांसाठी वेगळी बस, फुकट, वर त्याचा फोटो. आम्ही ढोल लावला, नारळ फोडला, चाकांना हळदीकुंकू वाहिलं. विमलताई एकटी ओट्यावरून ओरडत होती, "नाचा मेल्यांनो! आधी पाणवठा वेगळा, आता बस वेगळी!"

मी म्हटलं, "ताई, पोरं पोचतायत ना?"

"दिन्या, पोचायला पाय आहेत रे. माझ्या साक्षीला त्यांच्या शेजारी बसायचंय."

मग शाळेलाही आयतं कारण मिळालं, 'तुमची बस आहे की!' विरोधी उमेदवाराने आणखी मोठी वेगळी बस कबूल केली. शाळेच्या बसमधली एक सीट मात्र कुणीच कबूल केली नाही. निकाल लागला, आणि आमची बस धुवायला गेली ती गेलीच. पोरं चालायला लागली. विमलताई रोज साक्षीला पोचवायची, आणि शाळेची अर्धी रिकामी बस दोघींवर धूळ उडवत जायची. एका सकाळी साक्षीला फाटकात सोडून परत येताना ती रस्त्याच्या कडेला टेकली... उठलीच नाही.

शोकसभेत नगरसेवक एवढा रडला, की हारांवर पाणी शिंपडायची गरज पडली नाही. डोळे पुसून त्याने जाहीर केलं, 'विमलताई स्मृती बस', खास बुवापाड्याच्या लेकरांसाठी. टाळ्या पडल्या. शोकसभेत!

बस सुरू झाली. सगळी पोरं चढली, साक्षी चढली नाही. "आजीला नको होती," एवढंच म्हणाली. आता तिची आई तिला चालत नेते. रोज सकाळी ती बस त्यांना मागे टाकून जाते. पत्र्यावर दरवाजाएवढा नगरसेवक, आणि त्याच्या खांद्याखाली हात जोडून उभी विमलताई. जन्मात कुठल्या पुढाऱ्याला तिने हात जोडले नव्हते. ते फोटोवाल्याने जोडलेत.