बसून गिटार वाजवणारा सुखदेव

मी मूर्तिजापूरच्या शाळेत वर्गावर होतो. आमच्या गाण्याबजावण्याच्या पार्टीचा ड्रमवाला रहमान दारात आला, "सुखदेव गेला" एवढंच बोलला आणि तिथंच भिंतीला टेकून रडला. कावीळ झाली होती. अकोल्याच्या दवाखान्यात आठवड्याभरात माणूस संपला. तिशीही गाठली नाही. महिना उलटला... लोक विचारतात, तुमच्या मोर्णा पार्टीचं आता पुढं काय? मला अजून मागचंच सांगता येत नाही.

अमरावतीला आम्ही दोघं एका खोलीत राहून शिकलो. मी आमच्या घरातला पहिला बी.ए., हे मी कुठंही ताठ मानेनं सांगतो. सुखदेवनं शेवटच्या वर्षी परीक्षा सोडली आणि रेल्वेतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडून जुनी गिटार आणली. हॉटेलातल्या रेडिओवर धडाक्याची इंग्रजी गाणी लागत, ती ऐकून तो बोटं बसवी. अकोल्याला परतल्यावर जुन्या शहरात, लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानामागं पार्टी जमली; नाव अकोल्याच्या नदीचं, मोर्णा. पहिल्यांदा गिटारची वायर भोंग्याला जोडली तेव्हा गल्लीतली म्हैस दावं तोडून पळाली. रहमान म्हणाला, "गाणं वाजवून राहिला का डाका टाकून राहिला बे?" एक कापडवाला शेठ सगळ्यांना कोट शिवून द्यायला तयार होता, फक्त ड्रमवर त्याच्या दुकानाचं नाव रंगवायचं. सुखदेव म्हणाला, "कोट नसन तं बनेनीवर वाजवू. पन कोनाचे म्हणून नाही वाजवनार." दोन-तीन वर्षांत अमरावतीची कॉलेजं आम्हाला बोलावू लागली. मी निवेदन करी.

कुणाचे म्हणून न वाजवण्याची ही अट त्याच्या रक्तातली होती. त्याचे वडील लक्ष्मणबाबा भातकुलीकडच्या खेड्यात डफडं वाजवत. आवड म्हणून नव्हे, हुकूम म्हणून. पाटलाच्या दारी लग्न असो की पोळा, ऐकणारे बसलेले आणि वाजवणारा उन्हात उभा. छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा त्यांनी डफडं स्वतःच्या हातानं फोडलं आणि बिऱ्हाड अकोल्याला आणलं. पोरगा पुन्हा वाजवायला लागला हे त्यांना रुचलं नव्हतं, तरी अकोल्यातल्या एका कार्यक्रमाला ते धुतलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत येऊन बसले. पडदा उघडला. सुखदेव गिटार गळ्यात अडकवून उभा... पहिलं गाणं संपायच्या आत लक्ष्मणबाबा उठून गेले.

घरी मी सोबत होतो. ते म्हणाले, "उभंच राहाचं होतं तं शयरात काहून आलो गा आपन?"

सुखदेव म्हणाला, "बाबा, हे त्यातलं नाही. इंग्रज उभं राहूनच वाजवते."

"इंग्रजाच्या बापाले कोनी उभं नाही केलं."

पुढच्या कार्यक्रमात सुखदेवनं मंचावर खुर्ची मांडली. बाकी सगळे उभे, हा एकटा बसलेला. अमरावतीला मागून कुणी ओरडलं, "उठ ना बे, लंगडा हाय का?" तो उठला नाही. अकोल्यात कार्यक्रम असला की पडदा उघडण्याआधी मला फटीतून पाहायला लावी, बाबा आले का? ते कधीच आले नाहीत. मी म्हणे, सांगून टाक ना त्यांना. तो म्हणे, "सांगाचं काय त्यात? येतीन तं दिसन." दोघांचाही हट्ट सारखाच, आणि एकाच घरात.

तो गेल्यावर मीच सांगितलं. लक्ष्मणबाबांनी विचारलं,

"बसून वाजवे?"

"बसून."

"सगळेच?"

"नाही. तो एकटाच."

मग म्हणाले, "फोटो असन ना एखादा?"

माझ्याकडं फोटो एकच होता, पार्टी जमली तेव्हाचा. स्टुडिओत काढलेला, सगळे ओळीनं उभे. त्यांनी तो उजेडाकडं धरून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. "हा नको, मास्तर. बसलेला असन तं पाहा."

तेव्हापासून मी कॉलेजांना, मंडळांना, फोटोवाल्यांना विचारून राहिलो आहे. अजून कुणाकडं निघाला नाही. लक्ष्मणबाबांनी बुद्धाच्या तसबिरीखाली खिळा मात्र ठोकून ठेवला आहे. मी भेटायला गेलो की ते "या, बसा" म्हणतात, पण आधी माझ्या हातांकडं पाहतात.