कामाचे कपडे झटकायचे नाहीत

सातपूरच्या एका कारखान्यात सावळीराम बॉयलरच्या पाइपांना अ‍ॅसबेस्टॉसची दोरी गुंडाळायचा. उष्णता पाइपात राहायची आणि पांढरी धूळ कपड्यांवर बसून सावळीरामबरोबर घरी यायची. त्याची आई चिमणाबाई रोज ते कपडे ओट्यावर सपासप झटकायची. त्याची दीड वर्षाची मुलगी पल्लवी तिथेच खेळत असायची.

१९९४च्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांनी कामगारांना सांगितलं, की ही धूळ फुप्फुसात शिरली की मुक्काम हलवत नाही. सावळीरामने हे घरी हवामानाची बातमी द्यावी तसं सांगितलं. त्याच्या बायकोने, सुलाबाईने, मात्र दुसऱ्या दिवशी कायदाच केला. नवऱ्याने मागच्या नळावर अंघोळ करायची, कपडे तिथेच बादलीत बुडवायचे आणि मगच पोरीला हात लावायचा.

चिमणाबाई भडकली. "ज्यांनी आपल्याला दाराबाहेर उभं केलं, त्यांचं सोवळं तू माझ्या लेकावर चालवतेस? बौद्धाच्या घरात?"

सुलाबाईने वाद घातला नाही. काळ्या ओल्या फडक्याने पल्लवीचे तळहात पुसले आणि फडकं सासूपुढे धरलं. पीठ सांडल्यासारखं दिसत होतं.

"आत्या, हे हिच्या पोटात जातंय. छातीतही."

चिमणाबाईने फडक्यावरून बोट फिरवून पाहिलं. संध्याकाळी सावळीराम सवयीने पुढच्या दारात आला. पल्लवी धावली, तेवढ्यात आजीने तिला उचललं.

"मागनं ये."

"आई, घोटभर पाणी तरी..."

"मागनं!"

शेजारीण ओट्यावरून हसली. "काय चिमणाबाई, पोटच्या पोराचाच विटाळ?"

"हां," चिमणाबाई म्हणाली. "पण हा धुतला की जातो."