शिट्टीवाले बेडूक

आमच्या विस्कॉन्सिनमधल्या गावात दर वसंतात आम्ही हौशी मंडळी तळ्यांकाठी उभं राहून बेडकांचे आवाज नोंदवतो. ऑर्विल लिंडक्विस्ट आमच्यातला सगळ्यात जुना. बोटाच्या पेराएवढे, अगदी उंच, बारीक सुरात ओरडणारे शिट्टीवाले बेडूक त्याचे लाडके. गेल्या वर्षी त्याने कळवलं, की त्याच्या शेजारी डुकरं पाळणाऱ्या केस्लरच्या तळ्यात ते उरलेच नाहीत. केस्लरच्या डुकरांच्या घाणीनेच ते मेले, असं तो चर्चच्या जेवणातही सांगत सुटला. लोक केस्लरशी बोलेनासे झाले.

यंदा एप्रिलमध्ये केस्लरने आम्हा सगळ्यांना संध्याकाळी तळ्यावर बोलावलं. आम्ही पोहोचलो तेव्हा शिट्ट्यांनी कान किटत होते.

"काय ऐकू येतंय, ऑर्विल?" केस्लरने विचारलं.

ऑर्विलने डोळे मिटून मान तिरकी केली. "काहीही नाही. मसणवटा केलास तू तळ्याचा."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. केस्लर त्याच्या कानाशी वाकून ओरडला, "म्हाताऱ्या, बेडूक नाही मेले, तुझे कान मेलेत!"

ऑर्विल बायकोकडे वळला. "मार्लिस, खरंच ओरडतायत?"

"गेल्या वर्षीही ओरडत होते. आपल्या स्वयंपाकघरात ऐकू यायचे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं तू कधी ऐकलंयस?" म्हणत ती गाडीत जाऊन बसली.

रविवारी चर्चमध्ये ऑर्विलने सगळ्यांसमोर उभं राहून केस्लरची माफी मागितली. केस्लरने कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

ऑर्विलने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.